ओसरीवरून : अपराधी कोण?

ज्या घरांत बारा-तेरा माणसें एकत्र नांदतात, त्या घरांत एखादी वस्तु बिघडली कीं पहिला प्रश्न "काय बिघडलें?" असा येत नाहीं, "कोणीं बिघडविलें?" असा येतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास वेळ लागतो. दुसऱ्याचें मात्र तयारच असतें, कारण घरांतील सर्वांत धाकटा हात नेहमीं जवळच सांपडतो. गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या घरीं एका कॅमेऱ्याच्या निमित्तानें असाच एक खटला उभा राहिला. त्यांत न्यायाधीश मी होतों, निकालहि मींच दिला, आणि तो निकाल चुकीचा होता. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या आणि अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' कधीं काळीं मुखोद्गत असलेल्या मनुष्यानें हें कबूल करणें सोपें नाहीं. परंतु चूक जर चार माणसांसमोर केली, तर तिची कबुलीहि चार माणसांसमोरच व्हावी, अशी आमच्या घराची रीत आहे. आणि या सदराचे वाचक मला घरचेच आहेत.

गेल्या माघांत आमच्या थोरल्या काकूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमांस सुमारें ८० वर्षें १० महिने लागतात. म्हणून ८१ व्या वर्षीं हा सोहळा करावयाचा. काकू अठराव्या वर्षीं या घरांत आल्या. आम्हां सहा भावंडांना त्यांनींच न्हाऊंमाखूं घातलें. असें असून त्यांचा एकटीचा असा धड फोटो आमच्या घरांत एकहि नाहीं. कारण घरांत जेव्हां जेव्हां फोटो निघाला, तेव्हां तेव्हां काकू स्वयंपाकघरांत होत्या. म्हणून ८१ दिव्यांनीं त्यांना ओवाळतांना एक चांगलें छायाचित्र घ्यावयाचें, असें आम्हीं आधींपासून ठरविलें होतें.

कॅमेरा माझ्या थोरल्या पुतण्याचा. तो त्या दिवशीं सोवळें नेसून पाटावर बसलेला. म्हणून काम माझ्या नातवाकडे आलें. नातू तेरा वर्षांचा. फोटो काढण्याचे प्राथमिक धडे त्याला मींच दिले होते. त्यानें कळ दाबली, कॅमेऱ्यानें एक अर्धवट आवाज केला, आणि मागील पडद्यावर सूचना उमटली : कॅमेरा व भिंग यांच्यामधील संपर्कांत दोष आहे. त्यानें कॅमेरा बंद करून पुन्हां चालू केला, पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं कळ लागली, पण तोंपर्यंत दिवे ओवाळून झाले होते आणि काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. मोबाइलवर चार-पांच जणांनीं तो प्रसंग टिपला होता खरा. परंतु पुढच्यांच्या खांद्यांआडून घेतलेल्या त्या चित्रांत दिवे दिसत होते, काकू दिसत नव्हत्या.

"कुठें तरी आपटला असशील," मी म्हणालों.

"नाहीं आजोबा. मीं आपटला नाहीं."

"आपटल्याशिवाय चांगली वस्तु आपोआप बिघडत नाहीं. खोटें बोलूं नकोस."

हीं वाक्यें मीं माजघरांत, पंचवीस पाहुण्यांसमोर उच्चारलीं. तो कांहीं बोलला नाहीं. पुतण्यानेंहि मागून पुस्ती जोडली, "काका, माझ्या हातांत हा कधीं अडत नाहीं. ह्याच्याच हातांत अडतो." ही गोष्ट खरी होती, आणि खरी होती म्हणूनच तिनें आम्हां सर्वांना फसविलें.

दोष समजण्यासाठीं कॅमेरा आणि भिंग यांचें नातें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सांख्यांनीं आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवून जी जोडी दाखविली, तशीच ही जोडी आहे. भिंगाला दृष्टि आहे, पण केव्हां काय करावें याचा निर्णय तें करीत नाहीं; कॅमेऱ्यापाशीं निर्णय आहे, पण भिंगावांचून तो आंधळा. भिंगाच्या पोटांत पातळ पात्यांचें एक कडें असतें. तीं पातीं मिटलीं कीं प्रकाशाचें छिद्र लहान होतें, उघडलीं कीं मोठें. त्या छिद्राचें मान 'एफ ४', 'एफ ८' अशा आंकड्यांनीं सांगतात. येथें आंकडा मोठा तितकें छिद्र लहान. कारण भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानें भागून हा आंकडा येतो. एफ ४ वरून एफ ८ वर गेलें कीं व्यास निम्मा होतो, आणि क्षेत्रफळ, म्हणजेच आंत येणारा प्रकाश, चतुर्थांश होतो. मात्र त्या मोबदल्यांत जवळचें व दूरचें दोन्ही अधिक स्पष्ट येतें. म्हणून तीन रांगांत माणसें उभीं असतील, तर छिद्र लहान ठेवावें, हा मींच नातवाला दिलेला धडा.

आमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांत आणखी एक सोय असते. आपण छिद्र लहान करावयास सांगितलें, तरी पातीं लगेच मिटत नाहींत. डोळा लावून पाहतांना उजेड भरपूर मिळावा म्हणून तीं पूर्ण उघडीं राहतात. कळ दाबली कीं क्षणभर मिटतात, चित्र उमटतें, आणि पुन्हां उघडतात. पूर्वीं हें काम केवळ यंत्राच्या हातानें होई. निकॉनच्या १९५९ सालच्या 'एफ' कॅमेऱ्याच्या तोंडांत एक लहान तरफ होती. ती हलली कीं भिंगांतील पातीं मिटत. पुढें १९८७ सालीं कॅनननें 'ईएफ' नांवाची जी बैठक आणली, तींत कॅमेरा आणि भिंग यांमध्यें असा एकहि यांत्रिक दुवा ठेवला नाहीं. भिंगांतच बारीक मोटरी बसविल्या, आणि हुकूम जावयाचे ते सर्व विजेच्या संकेतांनीं. असे संकेत जाण्यासाठीं कॅमेऱ्याच्या तोंडाशीं स्प्रिंगेवर बसविलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या पिना असतात, आणि भिंगाच्या बुडाशीं तसेच सोनेरी ठिपके. भिंग फिरवून बसविलें कीं पीन ठिपक्यावर टेकते, आणि बोलणें सुरू होतें. अनेक कंपन्यांचीं भिंगें आतां याच पद्धतीचीं आहेत. आमचेंहि तसेंच, कंपनीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं, कारण पुढें दिसेल त्याप्रमाणें दोष झिजेचा होता.

सूचना संपर्कांतील दोषाची होती. तेव्हां सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मीं ते ठिपके स्वच्छ केले. हें काम कसें करावें तें सांगतों, कारण कोणत्याहि कॅमेऱ्याला तें उपयोगी पडेल. प्रथम कॅमेरा बंद करावा. डोक्यावरचा पंखाहि बंद करावा. भिंग काढल्यावर कॅमेऱ्याचें तोंड खालीं ठेवावें, म्हणजे धूळ आंत पडत नाहीं. धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदीं थोडा ओलावा द्यावा, आणि भिंगाच्या बुडाचे ठिपके एकाच दिशेनें पुसावे. थेंब आंत झिरपेल इतकें ओलें करूं नये. कॅमेऱ्याच्या पिना हलक्या हातानें टिपाव्या, दाबूं नयेत. आंतल्या आरशाला स्पर्शहि करूं नये. सोनें गंजत नाहीं. पण बोटांचा तेलकटपणा, घामाचें मीठ आणि धूळ यांचा पापुद्रा त्यावर बसतो, तो निघाला म्हणजे पुरे. कोणी कोणी खोडरबरानें घांसतात. तसें करूं नये. मुलामा अति पातळ असतो; तो एकदां गेला कीं खालचा धातु उघडा पडतो, आणि रबराचे कण कॅमेऱ्याच्या पोटांत जातात ते निराळेच.

एवढें झाल्यावर मी गच्चीवर गेलों आणि समोरच्या डोंगराचे दहा फोटो काढले. दहाहि निर्वेध निघाले. मी खालीं येऊन जाहीर केलें, "मळ होता. घामट हात लावल्याचा परिणाम." म्हणजे आपटल्याचा आरोप मागें घेऊन मीं दुसरा लादला, आरोपी मात्र तोच ठेवला.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास माजघरांत आरास मांडली होती. सूनबाईंच्या सांगण्यावरून नातवानें मोठ्या नाखुषीनें कॅमेरा उचलला, आणि दुसऱ्याच फोटोला तीच सूचना उमटली. तो कोणाकडे पाहिला नाहीं. कॅमेरा फडताळांत ठेवून म्हणाला, "आजोबा, मी ह्यापुढें ह्याला हात लावणार नाहीं." त्याचा स्वर रागाचा नव्हता, म्हणून तो मला अधिक लागला. जें मूल आपल्या शब्दाला किंमत नाहीं असें समजून गप्प बसतें, तें पुढें खरें सांगण्याचेंहि सोडून देतें. शिक्षकाच्या पेशांत मीं हें अनेकदां पाहिलें होतें. स्वतःच्या घरीं पाहण्याची ही पहिलीच वेळ.

काकू आरास आवरीत होत्या. त्या हातांतलें काम न थांबवितां म्हणाल्या, "अरे, हा नेहमीं घरांत काढतो आणि तो अंगणांत काढतो. तुमच्या त्या यंत्राला घरच मानवत नसेल."

सगळे हंसले. मीहि हंसलों. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना.

न्यायशास्त्रांत 'उपाधि' नांवाचा एक विषय आहे. जेथें धूर तेथें अग्नि, हें बरोबर. पण जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धुराला नुसता अग्नि पुरत नाहीं, ओलें सर्पण लागतें. तें ओलें सर्पण म्हणजे उपाधि. तें ज्याला दिसत नाहीं, तो अग्नीवरच धुराचा आरोप करतो. 'मुलाच्या हातांत कॅमेरा अडतो' या आमच्या सिद्धान्तांतहि असेंच एखादें ओलें सर्पण दडलें असलें तर? नातू आणि पुतण्या यांच्यांत फरक केवळ वयाचा नव्हता. नातू घरांत फोटो काढी. माजघर लहान, सर्व माणसें मावावीं म्हणून तो भिंग आंखडून अगदीं रुंद दृष्टीचें करी, आणि माझ्या धड्याप्रमाणें छिद्र लहान ठेवी. पुतण्या काढी तो शेतांत, घाटावर. भिंग लांबवून, छिद्र पूर्ण उघडें ठेवून, कारण मागचें अस्पष्ट होऊन चेहरा उठून दिसावा ही त्याची आवड. आणि गच्चीवर मीं काढलेले ते दहा फोटो? डोंगर दूर म्हणून भिंग लांबविलेलें. छिद्र पुतण्यानें ठेवलें होतें तसेंच उघडें. म्हणजे दोष दिसण्याची जी परिस्थिति, ती टाळूनच मीं दोष नाहींसा झाल्याचें जाहीर केलें होतें. कावळा बसला आणि फांदी मोडली. काकतालीय न्यायाचें याहून शुद्ध उदाहरण मला वर्गांत कधीं देतां आलें नव्हतें.

दुसरीहि एक चूक लक्षांत आली. शिजला कीं नाहीं तें पाहावयास भाताचें एक शीत चेपावें, सारें भांडें उपसूं नये, हा स्थालीपुलाक न्याय आपण रोज वापरतों. पण तो चालतो कारण भांड्यांतील सगळीं शितें एकाच आंचेवर असतात. जो दोष कधीं होतो आणि कधीं होत नाहीं, तेथें एक शीत कांहींच सांगत नाहीं. समजा, दोष सरासरी पांच वेळांत एकदां होतो. तर कांहीं न सुधारतांहि लागोपाठ दहा फोटो निर्वेध येण्याचा संभव शंभरांत सुमारें अकरा आहे. वीस फोटोंपर्यंत गेलें, तर तोच संभव शंभरांत एकावर येतो. तिसांवर गेलें तर हजारांत एकाच्या आसपास. तेव्हां अशा दोषाच्या बाबतींत भूयोदर्शन, म्हणजे पुनः पुनः पाहणें, हाच मार्ग.

दुसऱ्या दिवशीं मीं नातवाला हांक मारली. "तूं कॅमेऱ्याला हात लावूं नकोस. फक्त वही घेऊन बैस आणि मी सांगेन तें लिही." तो बसला.

पहिला प्रश्न : दोष कॅमेऱ्यांत कीं भिंगांत? येथें अन्वय-व्यतिरेक उपयोगी पडतो. ज्याच्या असण्यानें कार्य होतें आणि ज्याच्या नसण्यानें होत नाहीं, तें कारण. पुतण्यापाशीं एकाच ठराविक नाभीय अंतराचें, ५० मिलिमीटरचें दुसरें लहान भिंग होतें. तें आमच्या कॅमेऱ्यावर चढविलें, छिद्र एफ ८ वर ठेवून माजघरांतच पन्नास फोटो काढले. सूचना एकदांहि आली नाहीं. मग संशयित भिंग घेऊन आम्ही दोघे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या छायाचित्रालयांत गेलों. त्याच्यापाशीं त्याच बैठकीचा दुसरा कॅमेरा होता. "गुरुजी, आपण परीक्षा घ्या, मी बाकावर बसतों," असें म्हणून त्यानें तो पुढें केला. आमचें भिंग त्यावर बसविलें, आंखडून रुंद केलें, छिद्र एफ ८ वर ठेवलें. सातव्या फोटोला सूचना उमटली. भिंग बदललें तर दोष जातो. कॅमेरा बदलला तरी दोष राहतो. तेव्हां दोष भिंगाचा. बैठकीचे स्क्रू सैल आहेत काय, भिंग बसवितांना शेवटची टिचकी वाजते काय, बसल्यावर हलतें काय, हेंहि त्यानें पाहिलें. सर्व घट्ट होतें.

दुसरा प्रश्न : भिंगांत दोष कोठें? हें भिंग २४ पासून ७० मिलिमीटरपर्यंत सरकणारें. २४ म्हणजे रुंद दृष्टि, ७० म्हणजे दूरची. आम्हीं २४, २८, ३५, ५० आणि ७० अशीं पांच स्थानें घेतलीं, आणि प्रत्येक स्थानीं एफ ४ वर वीस व एफ ८ वर वीस असे एकंदर दोनशें फोटो काढले. एफ ४ म्हणजे या भिंगाचें पूर्ण उघडें छिद्र. नातवाच्या वहींत जें उतरलें तें असें : एफ ४ वर शंभरांपैकीं एकदांहि दोष नाहीं. एफ ८ वर २४ ला तेरा वेळां, २८ ला सहा वेळां, ३५ ला एकदां, ५० आणि ७० ला एकदांहि नाहीं.

वहींतील रकाने पाहतां पाहतां नातवानेंच अनुमान सांगितलें, "आजोबा, छिद्र उघडें असलें तर पात्यांना हलावें लागत नाहीं. हलावें लागलें कीं बिघडतें. आणि भिंग आंखडलें कीं बिघडतें." शाबास! पूर्ण उघड्या छिद्रावर पातीं जागचीं हलतच नाहींत, म्हणून त्यांचा दोष झांकला जातो. तेव्हां दोष पात्यांच्या मोटरीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आणि भिंग आंखडण्या-लांबण्याबरोबर जी वाट स्वतः वांकते, अशा ठिकाणीं आहे. बुडाच्या ठिपक्यांचा यांत कांहीं संबंध नाहीं. ठिपके तर सर्व स्थानीं सारखेच टेकलेले असतात.

माझ्या विद्यार्थ्यानें पुण्यांतील एका दुरुस्तीकाराचा पत्ता दिला. त्याच्यापुढें मीं भिंग ठेवलें आणि सोबत वहीचें तें पान ठेवलें. तो पान वाचून म्हणाला, "हें कोणीं केलें? माझें अर्धें काम झालें." त्यानें भिंग उघडून आम्हांला आंतली एक पट्टी दाखविली. तिला तो 'रिबन' म्हणत होता. पिंगट रंगाची, कागदासारखी पातळ, तिच्यावर तांब्याच्या केंसासारख्या रेषा. मोटरीसह पात्यांचें कडें भिंगाबरोबर पुढें-मागें सरकतें, म्हणून त्याला हुकूम पोंचविणारी तार लवचिक असावी लागते. ती ही रिबन. भिंग आंखडलें कीं ती घट्ट दुमडते, लांबविलें कीं सैल पडते. तार हातानें पुनः पुनः वांकविली तर ती एका जागीं तुटते, हें आपण जाणतों. हजारों वेळां दुमडून या रिबनीच्या एका रेषेला नेमक्या त्या दुमडीवर तडा गेला होता. रिबन सैल असतांना तड्याचीं दोन टोकें एकमेकांस टेकत आणि वीज जाई. घट्ट दुमडली कीं टोकें विलग होत आणि हुकूम अर्ध्या वाटेवर थांबे. कधीं होणें, कधीं न होणें, याचें सारें रहस्य तेवढ्या तड्यांत होतें.

मीं विचारलें, "हें भिंग कधीं पडलें असेल काय?"

त्यानें भिंग फिरवून पाहिलें. "पडलेल्या भिंगाची कड चेपते, नळी सरकतांना घासते, बैठकीचे स्क्रू ढिले होतात. ह्यांत त्यांतलें कांहीं नाहीं. ही झीज आहे. जो वापरतो त्याच्याकडूनच होते."

नवी रिबन घालून भिंग आठ दिवसांनीं परत आलें. खर्च नव्या भिंगाच्या मानानें पुष्कळच कमी झाला. या वेळीं मीं गच्चीवर गेलों नाहीं. २४ वर, एफ ८ वर, म्हणजे दोषाच्या स्वतःच्या घरांत जाऊन शंभर फोटो काढले, आणि प्रत्येक दहांनंतर भिंग पूर्ण लांबवून पुन्हां आंखडलें. सूचना आली नाहीं.

आतां राहिला खटल्याचा निकाल. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें नैयायिक मानतात. शब्द म्हणजे आप्ताचें वचन. आणि आप्त म्हणजे जसें आहे तसें सांगणारा. हें मीं वर्षानुवर्षें शिकविलें. माझ्यासमोर एक तेरा वर्षांचा आप्त उभा राहून "मीं आपटला नाहीं" असें सांगत होता. तें प्रमाण सर्वांत आधीं हाताशीं होतें आणि फुकट होतें. तें मीं टाकून दिलें, कारण तें लहान तोंडांतून आलें होतें. आणि ज्या कृतीमुळें दोष त्याच्या हातांत उघड होई, ती कृति म्हणजे समूहासाठीं छिद्र लहान ठेवणें, माझीच आज्ञा. ज्यानें माझी शिकवण पाळली, तोच पकडला गेला. ज्यानें पाळली नाहीं, तो निर्दोष ठरला.

रविवारीं सर्व मंडळी माजघरांत जमलीं असतां मीं नातवाला पुढें बोलाविलें आणि म्हटलें, "माघांत याच जागीं मीं तुला खोटें बोलतोस असें म्हटलें. तूं खरें बोलत होतास. माझी चूक झाली." तो लाजला. पुतण्याहि उठून म्हणाला, "माझीहि." क्षणभर कोणी बोललें नाहीं, मग नातू म्हणाला, "आजोबा, कॅमेरा काढूं?"

वाचकांच्या घरीं आज पुष्कळ यंत्रें आहेत, आणि त्यांतलीं कांहीं कधीं चालतात, कधीं अडतात. त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून थांबतों. सूचना काय म्हणते तें वाचावें, पण तिलाच निकाल समजूं नये. ती लक्षण सांगते, कारण सांगत नाहीं. स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आधीं करावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहीं तर कशानें गुण आला तें कळत नाहीं. आणि दोष गेला कीं नाहीं तें तो जेथें होत असे तेथेंच, पुरेशा वेळां पाहावें. या चारहि गोष्टींच्या आधीं मात्र घरांतल्या माणसाचें म्हणणें ऐकून घ्यावें. यंत्राचा दोष चार महिन्यांनीं सांपडला तरी चालतो; मुलाच्या मनाला गेलेला तडा तितके दिवस तसाच ठेवणें बरें नाहीं.

त्या रविवारीं नातवानें काकूंना माजघरांतील पाटावर बसविलें, पुढें पुन्हां ८१ दिवे लावले, मागें आम्हां सर्वांना तीन रांगांत उभें केलें. भिंग २४ वर, छिद्र एफ ८ वर. कळ एकदांच दाबली. मग आम्हां सर्वांना बाजूस करून त्यानें काकूंचा एकटीचा फोटो काढला. काकूंनीं पदर सांवरला, कॅमेऱ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "झालें ना? मग आतां मला आंत जाऊं द्या. दूध उतूं जाईल."